मानेच्या शस्त्रक्रियेनंतर रेंगाळणारी मानदुखी

मानेच्या मणक्यांवरील शस्त्रक्रियेची जखम भरली, हातात उतरणारी कळ थांबली, तरी मानेत, खांद्यात आणि फऱ्यांच्या मध्ये महिनोन्महिने टिकून राहणारे दुखणे. मराठवाड्यात असा रुग्ण सरळ ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणतो. बहुतेकदा तसे नसते. ही शस्त्रक्रिया मुख्यतः दबलेली नस किंवा मज्जारज्जू मोकळा करण्यासाठी असते. स्नायूंचे आणि झिजलेल्या सांध्यांचे दुखणे तिने जाईलच असे नाही. म्हणून आधी मान किती आणि किती काळ दुखत होती, हे पहिल्यांदा विचारायला हवे.

मागच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेत स्नायू हाडापासून सोडवावे लागतात. १९७०च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेल्या लॅमिनोप्लास्टीनंतर (मणक्यांची मागची कमान उघडून मज्जारज्जूला जागा करून देणारी शस्त्रक्रिया) ही तक्रार विशेष आढळते. मान खाली घातली की पाठीमागे बोटाला लागणारा उंचवटा बहुधा सातव्या मणक्याचा असतो. तिथले आणि दुसऱ्या मणक्यावरचे स्नायू शाबूत राखले, तर त्रास कमी राहतो असा अनुभव आहे. मानेचा नैसर्गिक बाक गेला, तर मात्र स्नायूंवर कायमचा ताण येतो.

समोरून दोन मणक्यांमधली गादी काढून मणके जोडतात तेव्हा खरा प्रश्न हाड जुळण्याचा. जितके जास्त मणके जोडावेत, तितका हाड न जुळण्याचा धोका वाढतो. धूम्रपानाने तो आणखी वाढतो. ‘बिडी सोडली, फक्त मिसरी लावते’ हे उत्तर इथे ओपीडीत नेहमीचे. पण निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातेच. नैराश्य, चिंता आणि शस्त्रक्रियेआधीपासून अफूजन्य वेदनाशामकांची सवय हेही धोक्याचे घटक.

शस्त्रक्रियेनंतर मानेला बांधायचा पट्टा हा वेगळाच विषय. डॉक्टरांनी काढायला सांगितल्यावरही भीतीपोटी तो महिनोन्महिने बांधला जातो, मग स्नायू दुबळे होतात आणि पट्टा काढला की मान जड वाटते. बीडकडच्या ऊसतोड कामगाराचे नेमके उलटे: मुकादमाची उचल घेतलेली, दसरा सरला की टोळी निघणार. हाड जुळण्याआधीच डोक्यावर मोळी घेऊन तो फळीवरून ट्रकमध्ये चढतो. त्याला ‘आराम करा’ सांगणे सोपे आहे.

ताप, जखमेतून पू, हाताची पकड ढिली पडणे किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे या दुखण्यात मोडत नाहीत. त्यांत पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.