औषधविक्रेत्यांवरील हिंसा (कोकण)

औषधाच्या काउंटरवर काम करणाऱ्या फार्मासिस्टला होणारी शिवीगाळ, धमकी, मारहाण किंवा दुकानाची मोडतोड. बोलीत दुकानाला ‘मेडिकल’ म्हणतात. सरकारी सेवेतील पद ‘औषध निर्माण अधिकारी’. जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आदींच्या 2002 च्या मार्गदर्शक तत्त्वांत शिवीगाळ आणि कामावर जाता-येतानाचे प्रसंगही हिंसेतच मोजले आहेत. हीच व्याख्या अधिक ग्राह्य वाटते.

ठिणगी बहुतेक वेळा नकाराने पडते. औषध नियम, 1945 मधील नियम 65 नुसार अनुसूची एच, एच1 व एक्समधील औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. चिंतेवरची अल्प्राझोलम, वेदनाशामक ट्रामाडॉल ही एच1 मधली. त्यांची वेगळी नोंदवही 3 वर्षे जपावी लागते. नशेसाठी गोळ्या मागणारा दुकान बंद होण्याच्या सुमारास, एकटा माणूस पाहून येतो. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्याची अडचण मात्र खरी असते. चिठ्ठी मुंबईची, ब्रँड इथे नाही. तोच घटक असलेली दुसरी गोळी फळीवर समोर दिसते, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय ती बदलून देता येत नाही. ‘आहे तरी देत नाही’ या समजातून आवाज चढतो.

कायदेशीर संरक्षणाबाबत मतभेद आहेत. महाराष्ट्राच्या 2010 च्या वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था संरक्षण कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद व 50,000 रुपयांपर्यंत दंड असून गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र आहे. त्यातील व्याख्येत डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि संस्थेत नेमलेले निमवैद्यकीय कर्मचारी येतात. ‘फार्मासिस्ट’ हा शब्द नाही. रुग्णालयाच्या आतील औषधालयातला कर्मचारी निमवैद्यकीय म्हणून त्यात बसवता येतो. बाजारपेठेतले स्वतंत्र मेडिकलही त्यात यावे, असे काहींचे म्हणणे. पण कायद्यातील ‘संस्था’ ही रुग्णांवर उपचार करणारी असल्याने संकुचित अर्थच शब्दांशी अधिक जुळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकारी लोकसेवक असल्याने त्याला भारतीय न्याय संहितेची लोकसेवकावरील हल्ल्याविषयीची कलमे 121 व 132 लागू होतात. दुकानदाराला साध्या मारहाणीसाठी कलम 115(2) उरते आणि ते अदखलपात्र आहे. जोखीम तीच, संरक्षण मात्र काउंटर कुठे आहे यावर ठरते. ही उणीव गंभीर आहे.

नाकारलेली चिठ्ठी हातात धरून ठेवू नये, झटापट तिथेच होते. डॉक्टरचे नाव व तारीख टिपून ती लगेच परत द्यावी. काउंटरच्या उचलत्या फळीला आतून कडी असावी आणि मागच्या दारासमोर खोकी रचू नयेत. पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर इन्सुलिनचा फ्रीज (2 ते 8 अंश सेल्सिअस) चालतो, पण कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) जोडायचा राहून जातो आणि नेमके चित्रण मिळत नाही. ते मिळाले तरी डिस्क भरल्यावर पुसले जाते, म्हणून त्याच दिवशी प्रत काढावी. 112 वर कळवावे. जखम असल्यास सरकारी रुग्णालयात तपासणीची एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय) नोंद करून घ्यावी.