रे, जॉन

रे, जॉन : (२९ नोव्हेंबर १६२७ – १७ जानेवारी १७०५). इंग्रज निसर्गवैज्ञानिक. एसेक्समधील ब्लॅक नॉटली या खेड्यात लोहाराच्या घरी जन्म. आईला औषधी वनस्पतींची चांगली जाण होती. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ते १६४९ मध्ये फेलो (कॉलेजचे वेतनी सदस्य) झाले आणि १६६० मध्ये त्यांनी केंब्रिज परिसरातील वनस्पतींची सूची छापली.

१६६२ मध्ये फेलोची ही जागा गेली. यादवी युद्धाच्या काळात अनेकांनी घेतलेली एक शपथ कुणालाच बंधनकारक नाही, असे नव्या कायद्यानुसार लिहून द्यायचे होते. रे यांनी ती शपथ मुळात घेतलीच नव्हती. तरीही दुसऱ्यांच्या शपथा मोडीत काढायला ते तयार झाले नाहीत. पुढे त्यांचे श्रीमंत विद्यार्थी फ्रान्सिस विलबी यांनी त्यांना आधार दिला. दोघांनी युरोपभर भटकून नमुने गोळा केले. १६७२ मध्ये विलबी अकाली वारले. त्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या वार्षिक ६० पौंडांवर रे यांची गुजराण होई. मित्राची पक्षी व मासे यांवरील अपुरी पुस्तके त्यांनी पुरी केली, त्यांवर नाव मात्र विलबींचेच ठेवले. माशांच्या ग्रंथाच्या (१६८६) खर्चाने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेची तिजोरी इतकी रिकामी झाली, की न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाचा खर्च खगोलशास्त्रज्ञ हॅली यांना पदरचा करावा लागला.

रे यांचे खरे काम ‘हिस्टोरिया प्लांटारम’ (तीन खंड, १६८६–१७०४). त्यात सुमारे १८,००० वनस्पतींचे वर्णन असून मलबारच्या वनस्पतींसाठी ‘हॉर्टस मलबारिकस’ या तिथल्या वनस्पतींवरील ग्रंथाचा आधार घेतला आहे. वनस्पतीची जात (स्पीशीज) कशी ओळखावी, याचे उत्तर त्यांनी बियाण्यात शोधले : एकाच झाडाच्या बियांतून आलेली रोपे रंगाने, उंचीने कितीही निराळी दिसली तरी जात एकच. सपुष्प वनस्पतींचे एकदल (बीमध्ये एक दल) आणि द्विदल (दोन दले) हे विभाग त्यांनीच वर्गीकरणात रुजवले. ज्वारी एकीकडे, तूर दुसरीकडे, ही शाळेतली विभागणी त्यांच्याकडून आलेली आहे.

उतारवयात पायांवरच्या जखमांनी ते घरीच अडकले. मुली सुरवंट आणून देत. ते पाळून रे त्यांतून निघणाऱ्या पतंगांच्या नोंदी ठेवत. कोशातून निघालेल्या एका मादीकडे रात्री खिडकीतून नर आले, तेव्हा ते वासाने आले असावेत, असा तर्क त्यांनी केला. कीटकांवरील ग्रंथ मृत्यूनंतर, १७१० मध्ये निघाला.

त्यांनी वनस्पतींना दिलेली वाक्याएवढी लांबलचक नावे स्वीडिश वनस्पतिवैज्ञानिक लिनीयसच्या दोन शब्दांच्या नावांपुढे टिकली नाहीत. पण लिनीयसने मुख्यतः पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून वर्ग पाडले, तर रे फूल, फळ, बी, पान असे सगळेच पाहत. नंतरचे वर्गीकरण रे यांच्याच वाटेने गेले.