सरोवराच्या पोषणचक्रात विषाणूंचा प्रवेश : पार्श्वभूमी

सरोवरातील कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचा हिशेब मांडताना विषाणूंची नोंद फार उशिरा झाली. १९४२ साली रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातील सीडर बॉग सरोवराच्या अभ्यासातून ऊर्जेच्या प्रवाहाचा पायाभूत आराखडा मांडला, तेव्हा जीवाणूंकडे मुख्यतः मृत अवशेष कुजवणारे म्हणून पाहिले जात होते. त्याच सुमारास क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधील सरोवरांत दाखवून दिले की, तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेले स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येते.

अडचण मोजणीची होती. प्रयोगशाळेतील बशीवर वाढणाऱ्या वसाहती मोजून जीवाणूंची संख्या ठरवली जाई, आणि बहुसंख्य जीवाणू बशीवर वाढतच नाहीत. १९७७ च्या सुमारास पेशी बारीक गाळणीवर धरून, चमकणाऱ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजण्याची पद्धत रुळली, तेव्हा मिलिलीटरभर पाण्यात दहा लाखांच्या आसपास जीवाणू दिसू लागले.

नील-हरित शेवाळाला मारणारा विषाणू सॅफरमन आणि मॉरिस यांनी १९६३ सालीच सांडपाण्याच्या तळ्यातून वेगळा केला होता. मात्र त्याच्याकडे शेवाळ आवरण्याचा उपाय म्हणूनच अधिक पाहिले गेले, आणि माझ्या मते पाण्यात विषाणू असतात तरी किती, हा मोठा प्रश्न तिथेच मागे पडला. तो पुढे आला १९८९ मध्ये. नॉर्वेतील बर्गन येथील संशोधकांनी पाण्यातील कण वेगवान अपकेंद्री यंत्राने जाळीवर बसवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. जर्मनीतील प्लुसझे सरोवराच्या पाण्यात मिलिलीटरमागे सुमारे २५ कोटी विषाणू निघाले.

एवढे विषाणू काय करतात, याचे उत्तर एका पेशीतही पाहता येते. विषाणू आत शिरतो, पेशीची यंत्रणा वापरून आपल्या प्रती काढतो आणि शेवटी पेशी फुटते. जे द्रव्य एरवी जीवाणू खाणाऱ्या एकपेशीय प्राण्यांच्या आणि पुढे माशांच्या पोटात गेले असते, ते पाण्यात विरघळते आणि उरलेल्या जीवाणूंच्याच वाट्याला येते. विल्हेल्म आणि सटल यांनी १९९९ मध्ये या आडवाटेचे सविस्तर विवेचन केले. स्फुरदाचा भाग यात विशेष आहे, कारण जीवाणुभक्षक विषाणूचे डोके डीएनएने गच्च भरलेले असते आणि डीएनएच्या कण्यात स्फुरद असतेच. त्यामुळे पेशीतील स्फुरदाचा काही वाटा नव्या विषाणूंमध्येच बंदिस्त होऊन बाहेर पडतो.

२०२० मध्ये तर गोड्या पाण्यातील काही मोठ्या विषाणूंत, मिथेनवर जगणाऱ्या जीवाणूंच्या मिथेन-ऑक्सिडीकरणाशी निगडित जनुक आढळले.