शिबिरे डोंगरावर, पोरे शहरात : ठाण्याच्या डोंगराळ भागातल्या युवासेवेची पार्श्वभूमी

ठाणे, कल्याण, वाशी, नेरुळच्या कॉलेजांत सत्र परीक्षा संपली की राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांची गडबड सुरू होते. गाव ठरते, बस ठरते, शिधा भरला जातो आणि शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, मोखाडा अशा डोंगराळ तालुक्यांतल्या एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचा मुक्काम पडतो. नेमक्या याच दिवसांत त्या भागातली बरीच अठरा-वीस वर्षांची मुले घरी नसतात. भाताची कापणी उरकून दिवाळी झाली की ती आईबापांसोबत भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा ठाणे-नवी मुंबईतल्या बांधकामांवर जातात. शिबिराच्या समारोपाला समोर म्हातारी माणसे असतात, लहान मुले असतात, मास्तर आणि अंगणवाडीताई असतात. ज्यांच्या वयाची मुले शहरातून आलेली असतात, तेवढेच कमी असतात.

डोंगरातल्या तरुणांसाठी काय कार्यक्रम घ्यावेत, त्यांना सेवेच्या कोणत्या संधी द्याव्यात, असा विषय ठाण्यात निघाला की मला आधी हीच गोष्ट मांडावीशी वाटते. ही चुकामूक मुद्दाम कुणी घडवलेली नाही. पण तिच्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसेल तर नवे उपक्रमही त्याच वाटेने जातात.

सुरुवातीलाच नकाशा नीट डोळ्यांसमोर आणायला हवा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे सगळे ठाणे जिल्ह्यातच होते. जव्हार हे समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचे, मुकणे राजांच्या संस्थानाचे गाव. दुसऱ्या अंगाला माथेरान. ते आज रायगड जिल्ह्यात असले तरी १८५० साली तिथे थंड हवेचे ठिकाण वसवण्याचा घाट घातला तो ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरनेच. म्हणजे सरकारी कामापुरता का होईना, डोंगराचा कारभार ठाण्यातून पाहायची सवय जुनी आहे. आणि खुद्द शहराच्या कुशीत येऊरचे पाडे आहेत, खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी आहेत.

या भागात बाहेरून येऊन काम करणाऱ्यांची खरी परंपरा १९४५ च्या आसपास सुरू होते, आणि त्या एका वर्षी दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडल्या. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. त्याला काही वारली आले होते. त्यांनी आपल्याकडच्या वेठबिगारीची आणि लग्नगड्याच्या पद्धतीची हकीकत सांगितली. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडायला नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, असा तो प्रकार. किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पोचले ते त्यानंतर. मे महिन्यात झरीला सभा झाली आणि वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमावावर गोळीबार होऊन जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. परुळेकर दांपत्य शहरातून आले होते हे खरे, पण रातोरात डोंगर ओलांडून एका पाड्याचा निरोप दुसऱ्या पाड्याला पोचवणारी, सभेला माणसे आणणारी पोरे वारल्यांचीच होती. या भागातला तरुणांचा पहिला मोठा सामूहिक उद्योग कोणता म्हणाल, तर मी हाच सांगेन.

त्याच वर्षी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५० च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. सकाळी शाळा उघडून बसले तर मुले येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. मुले गुरांमागे कुरणात असतात, थोरल्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन हिंडत असतात. मग शाळाच मुलांकडे गेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, कुरणात भरली ती कुरणशाळा. मणी, बिया, शिंपले, पाने, दगडगोटे हे साहित्य. गुरे पुढे सरकली की वर्गही पुढे सरके. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा धडा वाटतो. लोकांचा दिवस कसा जातो ते आधी पाहिले आणि कामाची वेळ त्यावरून ठरवली. पुढच्या अनेक योजनांनी एवढेच करायचे राहून गेले.

राष्ट्रीय सेवा योजना आली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात. देशभरातली ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी अशी सुरुवात होती. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर, हा तिचा आजचा साचा. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. त्याच वर्षी नेहरू युवा केंद्रे निघाली आणि महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे सुरू झाली. दुष्काळात शिबिरार्थींच्या हातात कुदळ-फावडे आले ते पुढे सुटले नाही. रस्ता, शोषखड्डा, गावतळ्याचा गाळ आणि अर्थातच वनराई बंधारा.

हा बंधारा ज्याने घातला आहे तो विसरत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकायच्या, पाऊणभर माती-वाळू भरायची, तोंड सुतळीने शिवायचे आणि हातोहात पात्रात पोचवून आडव्या रचायच्या. भिंतीच्या विटांसारखे सांधे चुकवायचे, फटी चिखलाने लिंपायच्या. दुपारपर्यंत पाठीचा कणा बोलायला लागतो. संध्याकाळी पाणी गुडघाभर चढलेले दिसले की सगळा शीण उतरतो. शहरातल्या मुलांना पाण्याची किंमत कळते ती तिथे, आणि म्हणून या शिबिरांविषयी मला मनापासून आदर आहे. अडचण वेगळी आहे. बंधारा घालायचा तो पावसाळा सरताना, ओढ्याला धार असताना. डिसेंबरअखेर कित्येक ओढ्यांची धार बारीक झालेली असते. कोणत्या वळणावर खाली कातळ आहे आणि कुठे पाणी मुरून जाते, हे सांगणारा गडी तेव्हा भट्टीवर विटा थापत असतो.

स्थलांतराचा हा धागा ज्यांनी नेमका पकडला त्यांचे काम टिकले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीची लढाई लढवली. तिच्याच परिवारातल्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात भोंगाशाळा सुरू केल्या. वीटभट्टीवर मजूर कुटुंब ज्या बुटक्या झोपडीत राहते तो भोंगा, आणि शाळाही तसल्याच भोंग्यात. भट्टीवरच्या मुलांना भट्टीवरच शिकवायचे. कुरणशाळेचीच ही पुढची पायरी म्हणायची. मात्र इथे शिकवायला अनेक ठिकाणी त्याच समाजातली थोडी शिकलेली मुले-मुली उभी राहिली.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. मदतीचा ओघ वाढला, संस्था आल्या, डॉक्टर आले. ते आवश्यकच होते. पण याच काळात शहराच्या मनात जव्हार-मोखाडा म्हणजे कुपोषण, असे समीकरण घट्ट बसले. तिथल्या तरुणाकडे पाहण्याची नजर बदलली ती तेव्हापासून. तो मदत घेणारा ठरला. करणारा म्हणून त्याचा विचार मागे पडला.

एकदा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा गावोत्सव, पाहावा म्हणजे हा समज किती अपुरा आहे ते कळते. होळीला भट्टीवरून, बांधकामावरून माणसे गावी येतात, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या गावागावांत बोहाडे होतात. रात्रभर सोंगे निघतात. सुरुवातीला गणपती, मग एकेक देव-दैत्य. कोणते सोंग कोणत्या घराण्याने नाचवायचे ते ठरलेले असते. मुखवटा जड, संबळ-सनईचा ठेका वाढत जाणारा, उजेडासाठी टेंभे. वर्गणी गोळा करणे, मुखवटे रंगवून ठेवणे, पाहुण्यांची जेवणे, गर्दी आवरणे, रात्री कुणाला चक्कर आली तर उचलून नेणे, हे सगळे गावची पोरेच निभावतात, आणि त्यासाठी कुठूनही प्रशिक्षक येत नाही. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर धरले जाणारे फेर असोत की ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुका असोत, माणसे जमवण्याचे कसब इथे घराघरांत आहे. आदिवासी युवा सेवा संघाच्या तरुणांनी पाठपुरावा करून २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळवले, तेही याच कसबाच्या जोरावर.

शहराला लागून असलेल्या येऊरची गोष्ट थोडी वेगळी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २००२ ते २००४ या काळात बिबट्यांचे हल्ले फार वाढले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो, हे अभ्यासातून पुढे आले. २०११ मध्ये उद्यान प्रशासनाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला. बिबट्या दिसला तर घोळका करू नका, कचरा साचू देऊ नका म्हणजे कुत्री जमणार नाहीत आणि त्यांच्या मागावर बिबट्याही येणार नाही, असे सोसायट्यांत आणि पाड्यांवर जाऊन सांगायला तरुण स्वयंसेवक पुढे आले. येऊरच्या वारल्यांना यातले बरेच आधीपासून ठाऊक होते. वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवणारी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या बिबट्याच्या शेजारी राहिली आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरच्या पाणवठ्यांवर वन विभाग प्राणीगणना करतो. मचाणावर शहरातला मुलगा वही घेऊन बसतो. पण सुकलेल्या पानावरचे पाऊल सांबराचे की रानडुकराचे, हे शेजारी बसलेला पाड्यावरचा मुलगा त्याला कानात सांगतो. अशा जोड्या मुद्दाम लावायला हव्यात.

आणि मग इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या वाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. चिखलातून, मुसळधार पावसात तास-दीड तासाची चढण. पोकलेन नेता येईना, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना. पहिल्या तासांत तिथे पोचू शकले ते पायवाट माहीत असलेले आसपासचे गावकरी आणि पनवेल-खोपोली पट्ट्यातले गिर्यारोहक. इर्शाळगडावर जाताना याच वाडीत चहा-भाकरी खाल्लेली ती मुले होती, त्यामुळे कोणते घर कुठे होते हे त्यांना सांगता आले. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढताना हृदयविकाराने गेले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. वाचलेल्यांसाठी सिडकोने पुढे चौक परिसरात घरे बांधली.

या दुर्घटनेने ठाणे-नवी मुंबईच्या तरुणांत बचावकार्य शिकण्याची ओढ वाढली. दोर बांधणे, स्ट्रेचर उतरवणे, प्रथमोपचार या गोष्टी शिकायला मुले येऊ लागली. माझे म्हणणे एवढेच की अशा प्रशिक्षणात पहिली जागा वाडीवरच्या मुलांची असावी. मध्यरात्री दरड कोसळली तर शहरातली तुकडी कितीही तयारीची असली तरी तिला पोचायला काही तास लागणारच. शिट्टी, दोर, बॅटऱ्या आणि पावसाचा अंदाज घेण्याची सवय वाडीतच असली पाहिजे.

कायद्याने आज वाट बरीच मोकळी करून दिली आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभेला अधिकार दिले, २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे सामूहिक हक्क मान्य केले. ग्रामसभांसाठी गावातलीच मुले-मुली मोबिलायझर म्हणून काम करू लागली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने ‘माय भारत’ हे युवा व्यासपीठ सुरू केले. नोंदणी मोबाइलवर होते. मोखाड्याच्या काही पाड्यांवर मोबाइलला रेंजच नसते, हे लक्षात घेऊन कुणीतरी तालुक्याच्या बाजारात टेबल मांडून बसले तर पुष्कळ नावे येतील.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. सात दिवसांचे शिबिर डिसेंबरातच घ्यायला हवे असे कुठे ठरलेले नाही. ती कॉलेजांच्या वेळापत्रकाची सोय आहे. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते, विदर्भाच्या उन्हात भरते आणि दूरदूरची मुले तिला येतात. मोखाड्याचा मे त्यापेक्षा कडक नाही. मे संपता संपता भट्ट्या बंद होतात, माणसे परत येतात, भाताच्या रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजून झालेला असतो, पावसाआधी डोंगरउतारावर समतल चर खणायचे असतात. तेव्हा वीस मुले शहराची आणि वीस गावची एकत्र राबू शकतील. जुलैत भाताची आवणी, म्हणजे लावणी, असते. ठाण्यातली काही कॉलेजे आताच एका दिवसासाठी चिखलात उतरतात. तो दिवस चार दिवसांचा केला आणि संध्याकाळी मुक्काम गावकऱ्यांच्या घरी ठेवला, तरी ज्यांच्यासाठी शिबिर घ्यायचे ती पोरे त्या घरात भेटतील. पुढच्या वर्षीचे गाव निवडायची बैठक बहुतेक कॉलेजांत जूनमध्ये होते. त्या बैठकीला निवडलेल्या गावचा एखादा मोबिलायझर बोलवावा आणि तारीख त्यालाच विचारावी.