पार्श्वभूमी: गरोदर बाईचं ताट आणि ‘रक्त कमी’ हा शब्द

गरोदर बाई तपासणी करून घरी आली की गोव्यातल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘रक्त किती?’ वजन किती वाढलं, दोन वेळचं जेवण पोटभर होतं का, हे नंतर निघालं तर निघतं.

1961पूर्वीही इथे तांदूळ बाहेरून आणावा लागे. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं तिजन, नारळ, सुकी मासळी यांवर घर चाले. पाचव्या-सातव्या महिन्यात फुलं माळायची, ओटी भरायची, डोहाळे पुरवायचे. पण बाकीचे दिवस सून सगळ्यांच्या मागून जेवायची. पपई, अननस वर्ज्य. मूल मोठं झालं तर बाळंतपण अडेल या भीतीने शेवटच्या महिन्यांत हात आखडता घेणारी घरं आजही आहेत.

1970मध्ये देशभर लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम आला, 1975मध्ये अंगणवाडीचा पूरक आहार. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला रोज 600 कॅलरींचा आहार हक्काने दिला. तो कोरडा शिधा म्हणून घरी गेला की सगळ्यांच्या डब्यात मिसळतो. गोळीचंही तसंच. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून पाकीट फळीवर राहतं. घेतलीच तर सकाळच्या चहा-पावाबरोबर, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही.

खरा गुंता शब्दाचा आहे. ‘रक्त कमी’ म्हणजे हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली. इतर बायकांसाठी ही रेघ 12 आहे, कारण गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढून ते पातळ होतं. अल्पपोषण ही वेगळी गोष्ट. अंगाने भरलेल्या बाईचंही रक्त कमी असू शकतं, आणि 11.5 भरलेली बाई अर्धपोटी असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उंची-वजनावरून कृशता मोजतात, पण त्यातून गरोदर बायका आणि नुकत्याच बाळंत झालेल्या वगळतात. वाढत्या पोटामुळे ते गणित चुकतं, हे कारण रास्तच आहे. परिणाम मात्र असा की गरोदर बाईच्या पोषणाचा हाती राहतो तो रक्ताचाच आकडा.

गोव्यात रक्त कमी असलेल्या गरोदर बायकांचा आकडा या सर्वेक्षणाच्या 2015-16च्या फेरीत सुमारे 27 टक्के होता, 2019-21मध्ये 41. बातम्यांत तो धक्का म्हणून आला. एवढ्या लहान राज्यात नमुन्यात गरोदर बायका मोजक्याच येतात, हे फारसं कुणी सांगितलं नाही. म्हणून 41 खोटा ठरत नाही, पण 27शी त्याची थेट तुलना जपूनच करावी.

त्यातच बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर वाद झाला. थेंबाने प्रमाण फुगतं असं एका बाजूचं म्हणणं, तर माप बदललं की आधीच्या वर्षांशी ताळा तुटेल असं दुसरीचं. अखेर सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीतून ही तपासणी काढून शिरेतल्या रक्तावर आधारलेल्या वेगळ्या पाहणीकडे द्यायचं ठरलं. शिरेतलं रक्त अधिक भरवशाचं, यात शंका नाही. पण वाद सगळा थेंबावरच झाला; शेवटच्या महिन्यांत बाई किती जेवते, हा प्रश्न त्यात आलाच नाही.