खड्यांचा सूट आणि ‘वेस्टर्न’चा घोळ

आपल्याकडच्या कापड दुकानात ‘वेस्टर्न’ म्हणजे जीन्स, टॉप, फ्रॉक. साडी-कुर्त्यात न बसणारं सगळं. सध्या झालरी, चमचमते खडे आणि उंच टाचेच्या बुटांचा जो जुना ‘कंट्री’ थाट परतला आहे, त्यातलं ‘वेस्टर्न’ वेगळं. तिथे पश्चिम म्हणजे अमेरिकेचीच, मिसिसिपीपलीकडची, गुराख्यांची. गंमत अशी, की कंट्री संगीताचं, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण गाण्याचं, मूळ त्या पश्चिमेत नाही. ते आहे पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत आणि दक्षिणेकडच्या गोऱ्या-काळ्या शेतमजुरांच्या वस्त्यांत. गाणं एका मुलखाचं, कपडे दुसऱ्या मुलखाचे.

मुळात हे कलाकार स्वतःच्या आवडीचे कपडे घालत होते का, हाच प्रश्न आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात १९२५ साली सुरू झालेल्या शनिवार रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात वादक सुरुवातीला चर्चला जाण्याच्या सुटाबुटात येत. कार्यक्रम चालवणाऱ्याने त्यांना फोटोसाठी शेतकऱ्याचे ओव्हरऑल (खांद्यावर पट्टे असलेली कामाची विजार) चढवायला लावले आणि वाद्यवृंदांना मुद्दाम गावंढळ नावं दिली. या गाण्यांना बाजारात ‘हिलबिली’ म्हणत. आपल्या ‘खेडवळ’पेक्षा ती शिवी जरा जास्त बोचरी. १९३०च्या दशकात सिनेमातला गाणारा काउबॉय आला आणि गायकांना सुटका दिसली. गुराखी गरीब असला तरी घोड्यावर बसलेला, ताठ मानेचा. ओव्हरऑल उतरलं, हॅट चढली.

नावाचा गुंता पुढे वाढला. संगीत व्यवसायातल्या एका प्रमुख साप्ताहिकाने १९४४ साली या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीसाठी ‘फोक’ शब्द घेतला, १९४९ साली तो बदलून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केलं आणि १९६२ साली त्यातून ‘वेस्टर्न’ काढून टाकलं. तेरा वर्षांचा हा जोडशब्द लोकांच्या तोंडी मात्र अजून आहे. गाण्याच्या नावातून पश्चिम गेली, अंगावरून गेली नाही. कारण तोवर शिंप्यांनी तिचा कब्जा घेतला होता.

हे शिंपी कोण, तर मुख्यतः पूर्व युरोपातून आलेले स्थलांतरित. त्यांतला सर्वांत गाजलेला कीव्हमध्ये जन्मला, न्यूयॉर्कमध्ये त्याने नाचगाण्याच्या बायकांची अंतर्वस्त्रं शिवली आणि १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसजवळ गॅरेजमध्ये मशीन टाकलं. त्याच्या टोपणनावावरूनच ‘नूडी सूट’ हा शब्द आला. मेक्सिकोतल्या चार्रोंच्या, म्हणजे घोडेस्वारांच्या, पोशाखाचं भरतकाम आणि १८८३पासून गावोगाव फिरलेल्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांचा भपका आधीपासून होताच; त्यावर त्याने रंगमंचाच्या दिव्यांत लखलखणारे राइनस्टोन, म्हणजे नकली हिऱ्यांसारखे खडे, जडवले. गायकाच्या आडनावात ‘वॅगन’, म्हणजे चाकाची गाडी, असेल तर पाठीवर गाडीचं चाक भरायचं, असा सरळ हिशेब. एल्व्हिस प्रेस्लीचा १९५७चा सोनेरी लामेचा (धातूच्या धाग्यांच्या चमकत्या कापडाचा) सूट याच शिंप्याच्या दुकानातला. त्याची किंमत १०,००० डॉलर सांगितली गेली, तो आकडा जाहिरातीचाच जास्त. म्हणून ‘अस्सल व्हिंटेज वेस्टर्न’ हे बिरुद ऐकलं की हसू येतं. या कपड्यांत कुणी गुरं हाकली नाहीत. टिचबटणांचा शर्ट त्यातल्या त्यात कामाचा: खोगिरात अडकला तर बटणं सुटतात, कापड फाटत नाही, असं सांगतात.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस एका तरुण बंडखोर गायकाने पांढऱ्या सुटावर अफूची फुलं, गांजाची पानं, गोळ्या आणि पाठीवर क्रूस भरून घेतला. तो सूट त्या दुकानातल्या मेक्सिकोत जन्मलेल्या कारागिराने बनवला. आजच्या पिढीने उचललेला नमुना खरं तर हा आहे, आजोबांच्या काळचा नव्हे. १९७०च्या दशकातल्या ‘आउटलॉ’, म्हणजे बंडखोर, कंट्री गायकांनी खडे टाकून डेनिम धरलं आणि जुने सूट कपाटात गेले.

२०१९च्या मार्चमध्ये त्याच साप्ताहिकाने एका काळ्या तरुणाचं रॅपमिश्रित गाणं कंट्रीच्या यादीतून काढलं. आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असं कारण दिलं. निर्णयाचं समर्थन करणारे आहेत, पण पटणं कठीण. ज्या परंपरेचा पोशाखच उसना, तिने शुद्धतेची फूटपट्टी काढावी? गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं आणि गायक २०२०च्या जानेवारीत पुरस्कार सोहळ्याला गुलाबी काउबॉय वेशात आला. गुराख्यांत काळ्या माणसांचं प्रमाण मोठं होतं, ही सिनेमाने झाकलेली गोष्ट त्यानिमित्ताने चर्चेत आली. जानेवारी २०२४मध्ये पॅरिसच्या एका बड्या फॅशन घराने पुरुषांचा अख्खा संग्रह याच थाटात मांडला, आणि मार्चमध्ये एका कृष्णवर्णीय पॉप गायिकेचा कंट्री अल्बम आला.

नॉर्थ हॉलिवूडचं नूडीचं ते जुनं दुकान १९९४ सालीच बंद झालं. साखळी टाक्याचं भरतकाम शिकलेले तरुण कारागीर आता टेबलाखालची मूठ फिरवायची जुनी यंत्रं शोधत फिरतात. पाकळी वळवायची तर ती मूठ हातानेच वळवावी लागते.