सिटी बस नेमकी कुणाची? सिडको ते वाळूज रूटची मागची गोष्ट

सकाळी साडेसातला औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सिडको स्टँडच्या बाहेर उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच, "वाळूजची गेली का हो?" आणि ज्याला विचारायचं तो पण आपल्यासारखाच लटकलेला, तो म्हणणार "मी बी आत्ताच यायलो भाऊ". मग अर्धा तास काहीच नाही आणि नंतर एकामागं एक दोन गाड्या. पहिली खचाखच, दुसरीत खिडकी रिकामी. ह्याच्यात कुणाचा कट बिट नसतो बरं का. पुढची गाडी दोन मिनिटं लेट झाली की पुढच्या स्टॉपवर माणसं जास्त साचतात, ती चढेपर्यंत अजून लेट, मागचीला मात्र माणसंच मिळत नाहीत म्हणून ती सुसाट येऊन हिला गाठते. गाड्या कमी, त्यात सगळ्यांचा रस्ता एकच, मग हे असंच होणार.

पण गाड्या कमी का आणि रस्ता एकच का, हे बघायला गेलं की बरंच मागं जावं लागतं. माझं म्हणणं थोडक्यात असंय की आपल्या गावाची बस कधी गावाची नव्हतीच, ती कायम कुणाचा तरी जोडधंदा राहिली.

सुरुवात निझामापासून. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. संस्थानानं 1930 ला रेल्वे कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि दोनच वर्षांनी, 1932 ला, त्याच रेल्वेच्या पोटात रोड ट्रान्सपोर्ट खातं काढलं. 27 बस आणि 166 माणसं, एवढ्यावर. म्हणजे सरकारी बस आपल्याकडं जन्मालाच आली ती रेल्वेची धाकटी बहीण म्हणून. हैदराबादकडच्या सरकारी गाड्यांच्या नंबरात Z कसा आला ह्याची एक गोष्ट जुने लोक सांगतात, निझामाच्या आईचं नाव झहरा बेगम म्हणून म्हणे. खरं खोटं त्यांनाच माहीत, पण तिकडं तेलंगणात तो Z पुढं कित्येक वर्षं टिकला.

आता 1 जूनला सगळीकडं एसटीचा वाढदिवस साजरा होतो, 1948 ला पुणे ते नगर पहिली गाडी धावली त्याचा. चांगलंय, करावा. फक्त त्या दिवशी आपण त्या मुंबईच्या राज्यात नव्हतोच, आपल्याकडं अजून निझामाचं चलन, हाली सिक्का, चालू होता आणि मराठवाडा मोकळा झाला तो त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 17 सप्टेंबरला. सरकारी बस म्हणून बघितलं तर आपल्या बाजूची सोळा वर्षांनी थोरली. हे मी दर वर्षी घरी सांगतो आणि दर वर्षी कुणी ऐकत नाही.

1956 ला राज्यं परत आखली गेली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि त्यांच्यासोबत इथल्या बस पण. 1960 ला महाराष्ट्र झाला, 1961 ला मुंबईकडचं महामंडळ, मराठवाड्याची स्टेट ट्रान्सपोर्ट आणि विदर्भाची बससेवा असं सगळं एका पाटीखाली गेलं, तीच आजची एसटी. गंमत म्हणजे एसटीच्या तीन मोठ्या वर्कशॉपपैकी एक आपल्या चिकलठाण्यात, बाकी दोन पुण्याजवळ दापोडीला आणि नागपूरजवळ हिंगण्याला. म्हणजे जिथं गाड्यांच्या बॉड्या बनून राज्यभर जायच्या त्याच गावातला माणूस स्टॉपवर मान वाकडी करून बघायलाय गाडी येते का.

आता रस्त्याचं. जुनं औरंगाबाद हे दरवाज्यांचं गाव, मलिक अंबरानं 1610 च्या आसपास वसवलं तेव्हा नाव खडकी. भडकल गेट काय, मकाई गेट काय, हे सगळं हत्ती घोड्यांच्या हिशोबानं बांधलेलं, त्यातून आज दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी आधी कोण मागं घेणार ह्यावर पाच मिनिटं चर्चा होते, मोठी बस कुठून घालणार. मग बस बाहेरबाहेरूनच जायची. नंतर सत्तरच्या दशकात पूर्वेला सिडकोची वसाहत आली, एन वन पासून एन तेरा पर्यंत. त्याच्याही पुढं चिकलठाणा एमआयडीसी. आणि 1980 च्या दशकात बरोबर उलट्या टोकाला, नगर रोडला, वाळूज. 1985 ला तिथं बजाजचा कारखाना चालू झाला आणि मग त्याला माल पुरवणारी शेकडो छोटी शेडं. झालं, माणसं झोपायला एका टोकाला, कामाला दुसऱ्या टोकाला, मधे पंधरा वीस किलोमीटर आणि ते जोडणारा मुख्य रस्ता म्हणजे जालना रोड. त्याच्यावर एवढे उड्डाणपूल झाले, सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, तरी बसला पुलाखालनंच जावं लागतं कारण स्टॉप खाली. पूल आपल्यासाठी नव्हतेच ते.

नगरपालिकेची महानगरपालिका झाली 1982 ला. पुणे मुंबईकडं पालिकेची स्वतःची बस असायची, इथं ते काम एसटीच करायची. एसटीचा जीव लांब पल्ल्यात, तो असणारच, पुणे नागपूर सोडून ती टीव्ही सेंटर ते स्टेशन कशाला मनावर घेईल. लांबच्या रूटवर पळून पळून थकलेली गाडी पेन्शनला सिटीत येते असं आम्ही कॉलेजात असताना म्हणायचो. गिअरपाशी घोंगडी टाकलेली, खिडकीच्या काचा खडखड खडखड, आणि कंडक्टर दांड्यावर पंच आपटत टिक टिक करत गर्दीतून असा यायचा की पाण्यातून मासा. एक बेल थांबा, दोन बेल चला. ती दोरी लहानपणी एकदा तरी ओढलेली नाही असा माणूस दाखवा.

ह्या फटीत शेअर रिक्षा शिरल्या. कायद्यानं बघायला गेलं तर जागोजागी थांबून सुटी सवारी घेण्याचं परमिट वेगळं असतं आणि रिक्षाचं वेगळं, पण साडेआठचं पंचिंग असलेल्याला परमिट कोण विचारतंय. "चलो क्रांती चौक, बाबा, बाबा, एक सीट भैया", तीनच्या जागी पाच, आणि पाचवा ड्रायव्हरच्या मांडीवर म्हणलं तरी चालेल. बस वेळेवर नाही म्हणून माणूस रिक्षात गेला आणि माणूस रिक्षात गेला म्हणून बस तोट्यात, हे चक्र मग फिरतच राहिलं.

2005 च्या शेवटी केंद्रानं शहरांसाठी नेहरूंच्या नावाची मोठी योजना काढली, पुढं 2009 ला त्यातनं बस घ्यायला पण पैसे दिले. त्या यादीत मराठवाड्यातलं एकच शहर होतं, नांदेड. तिथं 2008 ला शिखांच्या गुरुता गद्दीचा तीनशे वर्षांचा सोहळा होता, त्यांचं काम मार्गी लागलं, आपण यादीच्या बाहेर. त्याआधी 2006 ला पालिकेनं खाजगी ठेकेदार धरून एएमटी, म्हणजे पालिकेची स्वतःची बस, काढली होती, चार पाच वर्षांत ती पण गुंडाळली आणि परत एसटीच्या दारात. मग थेट 2018 च्या शेवटी स्मार्ट सिटीची बस आली, टाटाच्या नव्या गाड्या, एकूण शंभराचा बेत, पण ड्रायव्हर कंडक्टर तेव्हा एसटीचेच. म्हणजे गाडी एकाची, हात दुसऱ्याचा. मार्च 2020 ला लॉकडाऊननं सगळंच उभं केलं ते वेगळं. रेल्वे, एसटी, ठेकेदार, स्मार्ट सिटी, एवढे मालक बदलले त्यात गावाचं नावपण 2023 ला बदलून छत्रपती संभाजीनगर झालं. म्हाताऱ्या लोकांना तिकिटावर नवं, तोंडात जुनं.

एवढं सगळं बोलून पण मी जातो बसनंच. कारण छावणी, म्हणजे लष्कराचा भाग. बाबा पेट्रोल पंपाचा गोंधळ संपून गाडी एकदा खाम नदी ओलांडून छावणीत शिरली की अचानक झाडं लागतात, हवा दोन डिग्री तरी उतरते, एप्रिलात तर जाणवतंच, आणि सगळी गाडी एकदम गप्प होते. नाईट करून उलटं येणारी पोरं इथंच खांद्यावर मान टाकतात. मग नगर नाका आला की परत आरडाओरडा चालू. आणि पुढं कंडक्टर "पंढरपूर, पंढरपूर उतरा" ओरडला की नवा माणूस दचकतोच, हे आपलं वाळूजचं छोटं पंढरपूर, आषाढीला लाखाच्या वर माणूस येतो इथं. एकदा शेजारची मावशी खरंच हात जोडून उठली होती, म्हणली "एवढ्या लवकर?"

त्याच दिवशी कंडक्टरनं माझ्या तिकिटाच्या मागं दोन असं लिहून गोल केला, सुट्टे उतरताना घ्या म्हणला. उतरताना तो मागच्या दाराला, मी पुढच्या, मधे चाळीस माणसं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ तोच रूट, कंडक्टर दुसरा. त्याला तिकीट दाखवलं तर म्हणला, "ते त्यांच्याकडं मागा ना साहेब, आमचा काय संबंध." ती गाडी कुणाच्या काळातली हे सांगत नाही. तिकीट अजून पाकिटात आहे.